लोमान्सचे सुटे भाग

फिनानं कार्ब्युरेटर वर्तमानपत्रात गुंडाळला, वाफलच्या साच्याच्या रिकाम्या खोक्यात घातला आणि खोकं फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मुरंब्याच्या बरण्यांमागे सरकवलं. स्टुलावरून उतरताना गुडघ्यात कळ गेली. तेवढ्यात अंगणातल्या खडीवर गाडीची चाकं वाजली. तिनं हात धुतले, नखांतलं काळं तेल ब्रशनं काढलं, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि दारावरची घंटा दोनदा वाजू दिली. मग दार उघडलं.

"अगबाई, आज शनिवार का?" ती म्हणाली.

इवो पायपुसण्यावर बूट घासत होता. उंच, खांद्यांत जरा वाकलेला माणूस. सारा जन्म त्यानं मोल गावच्या डेपोतून बस चालवली होती, आणि निवृत्त होऊनही बसथांब्यावर कुणी उभं दिसलं की आपला पाय आपसूक ब्रेककडे जातो, असं तो स्वतःच सांगायचा.

"शनिवारच," तो म्हणाला. "कार्ब्युरेटर मिळाला का हो?"

"कुठला मिळतोय! सगळी शेड पालथी घातली. आमच्या फॉन्सला कसलीच शिस्त नव्हती. वस्तू कुठं ठेवली ते त्याचं त्याला तरी आठवायचं की नाही कोण जाणे."

हे धादांत खोटं होतं. फॉन्सच्या शेडमध्ये एकेक स्क्रू तेल लावून, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून ठेवलेला होता. डोळे बांधून आत सोडलं असतं तरी त्यानं हवी ती वस्तू काढून दिली असती. मेलेल्या नवऱ्यावर असा आळ घेणं काही बरं नव्हे. पण फॉन्स आता उलटून थोडाच बोलणार होता.

"हे मात्र सापडलं," असं म्हणत तिनं टेबलावर एक पुडी ठेवली. आत मागची साखळी ताणायचे दोन स्क्रू होते. इवोनं ते तळहातावर घेतले, खिडकीशी नेले, उलटसुलट करून पाहिले. त्याचा चेहरा असा उजळला की फिनाला क्षणभर वाईट वाटलं. मग तिनं कॉफी टाकली.

हे असं हिवाळ्याच्या सुरुवातीपासून चाललं होतं. फॉन्स गेला त्याच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली, आणि मुलगी काटलेन म्हणाली, आई, आता ती शेड रिकामी कर, तुर्नहाउटला माझ्या घराजवळ तळमजल्यावर छान फ्लॅट आहे, तिथं ये. म्हणून फिनानं पाववाल्याच्या दुकानात एक चिठ्ठी लावली. चिठ्ठी वाचून फोन आला तो एकट्या इवोचा.

लोमान्स हा कालव्याकाठचा छोटा कारखाना. वाळूत शर्यती खेळायच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली तिथं आठ-नऊ वर्षं बनल्या, आणि मग कारखाना बंद पडला. ज्या गावात त्या बनल्या तिथल्या निम्म्या लोकांना त्या आठवत नाहीत, आणि उरलेल्या निम्म्यांना दुसरं काही आठवत नाही. फॉन्स तिथं जुळणी विभागात होता. कुलूप लागायच्या आठवड्यात त्यानं उरलेसुरले सुटे भाग हातगाडीवर घालून घरी आणले आणि पुढची चाळीस वर्षं पुसत बसला. इवोला एका शेतकऱ्याच्या खुराड्यात चौऱ्याहत्तर सालच्या अडीचशे सीसीच्या लोमान्सची चौकट सापडली होती. नुसती चौकट आणि इंजिनाचा सांगाडा. कोंबड्या वर्षानुवर्षं हँडलवर झोपत होत्या. बाकी सगळंच हवं होतं.

पहिल्या दिवशी तो ट्रेलर घेऊन आला. म्हणाला, सगळंच द्या मादाम, एकगठ्ठा नेतो, तुमचीही कटकट जाईल. फिना शेडची किल्ली हातात घेऊन उभी होती. दार उघडायचं, त्यानं सामान भरायचं, हात मिळवायचा, संपलं. अर्ध्या तासाचं काम. आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"एकदम नाही देता यायचं. काय काय आहे ते मलाच माहीत नाही. तुम्हाला काय हवंय ते सांगत जा, मी शोधून ठेवत जाईन. आणि मादाम कसली, फिना म्हणा."

आपण असं का बोललो, ते तिला त्याच संध्याकाळी सूप गरम करताना कळलं. चाळीस वर्षं शनिवार हा शेडचा वार होता. फॉन्स सकाळी खाऊन आत जायचा तो दिवेलागणीला बाहेर यायचा, आणि फिना रेडिओ लावून स्वयंपाकघरात बसायची. त्या शेडचा तिला सवतीसारखा राग यायचा. फॉन्स गेल्यावर शनिवार आणखीच वाईट झाला, कारण आता रागवायलाही कुणी नव्हतं. तिला कुणीतरी यायला हवं होतं. बस्स, एवढंच. त्यानं यावं, तांदळाच्या खिरीचा टार्ट खावा, हा भाग काय करतो, तो काय करतो ते हातवारे करून सांगावं, आणि चार वाजता जाताना "पुढच्या शनिवारी" म्हणावं. बाकी काही नव्हे, असं ती स्वतःला बजावायची. जरा जास्तच वेळा बजावायची.

पण शेवटचा भाग हातात पडला की तो यायचा थांबणार, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नव्हती. म्हणून तिनं सामान पुरवून पुरवून द्यायला सुरुवात केली. सायलेन्सर गादीखाली. पिस्टन ब्रेडच्या डब्यात. एकदा घाईत तिनं पुढच्या चाकाचा ब्रेक कपड्यांच्या टोपलीत लपवला आणि तो तसाच धुलाईयंत्रात गेला. यंत्रानं जो थयथयाट केला तो शेजारच्या खिल्बेर्तनं कुंपणापलीकडून ऐकला आणि विचारलं, काय गं, नवरा परत आला का?

कार्ब्युरेटर तिनं पाच शनिवार दाबून धरला. सहाव्या शनिवारी इवो म्हणाला की आता तो ऑस्ट्रियाहून मागवावा लागेल. मग मात्र वाफलचं खोकं खाली आलं.

"बघा बाई," इवो म्हणाला, "फॉन्सची शेड म्हणजे अजब आहे. संपतच नाही."

"नाही ना," फिना म्हणाली.

संपली होती. फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिनं दिवा लावून पाहिलं, तर फळ्यांवर वायसरची एक पिशवी आणि कुणालाच नको असलेलं एक जुनं सीट एवढंच उरलं होतं. इवोनं क्लच लिव्हर मागितला होता. फिना उलट्या घातलेल्या बादलीवर बराच वेळ बसून राहिली. थंडीनं बोटं बधिर झाली. मग तिनं फॉन्सच्या खणात पडलेली सुट्या भागांच्या बाजाराची एक जाहिरात शोधून काढली. बेल्जियमच्या सरहद्दीपलीकडे हॉलंडमध्ये, जनावरांच्या लिलावाच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी.

आयुष्यात ती कधी एकटी सरहद्द ओलांडून गेली नव्हती. तशी सरहद्द वीस मिनिटांवर होती. हॉलमध्ये वाटाण्याच्या सूपचा आणि ग्रीसचा वास कोंडला होता. लांबच लांब टेबलं, त्यांवर गंजकं लोखंड, आणि खिशात हात घालून त्या लोखंडाकडे लेकराकडे पाहावं तसे पाहणारे पुरुष. बाई म्हणाल तर सूप वाढणारी एक आणि ही एक.

"काय काकू, वाट चुकलात?" एका टेबलामागून लालबुंद तोंडाचा माणूस ओरडला. हा हार्म. "लोकरीचं दुकान चर्चपाशी!"

"लोमान्सचा क्लच लिव्हर आहे का?"

हार्मनं तिला नखशिखांत न्याहाळलं. मग टेबलाखालच्या पेटीतून एक लिव्हर काढून फुंकर मारली आणि अशी किंमत सांगितली की तिला वाटलं त्यासोबत उरलेली गाडीही मिळणार असेल. तिनं मुकाट्यानं पैसे दिले. शनिवारी इवोनं लिव्हर लावून पाहिला, बसेना. भोक मोठं होतं. हा पंचाहत्तरचा आहे, तो म्हणाला, फॉन्सनं दोन वर्षांचा माल मिसळला असेल. बिचाऱ्या फॉन्सच्या नावावर आणखी एक गुन्हा चढला.

दुसऱ्या रविवारी ती थेट हार्मच्या टेबलाशी गेली आणि लिव्हर त्याच्यापुढे आपटला.

"चौऱ्याहत्तरचा मागितला होता. पंचाहत्तरचा गळ्यात मारलात. बेल्जियमची बाई म्हणजे दूधखुळं पोर वाटलं का तुम्हाला?"

आजूबाजूचे चारजण हसले. हार्मही हसला, वाईट माणूस नव्हता तो, फक्त व्यापारी होता. त्यानं लिव्हर बदलून दिला, वर सूप पाजलं, आणि त्यानंतर दर रविवारी ती आली की खुर्ची पुढे करू लागला. "आल्या आमच्या लोमान्सबाई," तो म्हणायचा, "आज तुमच्यासाठी काय लपवून ठेवलंय बघू या." कुठला भाग कुठल्या सालचा, गंज वरवरचा की आतपर्यंत गेलेला, गिअरचे दात झिजलेले कसे ओळखायचे, हे तो तिला शिकवायचा. तिलाही समजायला लागलं. नव्हे, आवडायला लागलं. फॉन्स दिवसभर शेडमध्ये काय करायचा हे तिला तो गेल्यावर दीड वर्षानं कळत होतं, आणि कधीकधी गाडी चालवताना या गोष्टीनं तिला रडू यायचं. एकदा जरी आत जाऊन विचारलं असतं, हे काय आहे रे, तर त्यानं सांगितलं असतं. त्यानं तरी कुठं बोलावलं होतं म्हणा.

घरी आणलेल्या भागावर ती तेल चोळायची. मग फॉन्सच्या पुड्यांचे जपून ठेवलेले कागद काढायची, ज्यांवर अजून बेल्जियन फ्रँकमधल्या किमतींच्या जाहिराती होत्या, आणि त्यात तो भाग अगदी फॉन्सच्या पद्धतीनं बांधायची. चारी कोपरे आत, गाठ डावीकडे.

एका बुधवारी काटलेन शेडच्या दारात थबकली.

"आई, नाताळात हा कप्पा रिकामा होता."

"मग?"

"मग आता यात चाकं आहेत. शेड रिकामी व्हायची सोडून भरतेय कशी?"

"नीट लावून ठेवलं की जास्त दिसतं."

"अगं, त्या माणसाला एकदाच सगळं देऊन टाक ना! ट्रेलर घेऊन आला होता म्हणालीस. फ्लॅटवाले किती दिवस थांबतील?"

"असं कसं देऊन टाक? वस्तू ओळखाव्या लागतात. त्या चाकाच्या आऱ्यांचं माप वेगळं आहे."

काटलेन आईकडे बघत राहिली. मग तिची नजर आईच्या नखांवर गेली. ती परिचारिका होती, माणसं काय लपवतात हे पाहण्यात तिचा दिवस जायचा.

"चांगला आहे का गं तो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"कुणी नाही," काटलेन म्हणाली आणि बटाटे सोलायला मदत करू लागली. फ्लॅटचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

ईस्टर पंधरा दिवसांवर आला तेव्हा इवो टार्ट खाता खाता म्हणाला, "आता दोनच गोष्टी राहिल्या."

फिनाच्या हातातली सुरी वाकडी गेली.

"पिस्टनच्या रिंगा आणि गिअर लिव्हर. रिंगांची सोय मी करतो, उद्या जाणार आहे एके ठिकाणी. लिव्हर तेवढा तुम्ही बघा. फॉन्सकडे एखादा कोरा, न तुटलेला नक्की निघेल. तो मिळाला की झालं. जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे, वाळूच्या खाणीत जमतात. मला कधीचे बोलावतायत."

"कधी जमतात?"

"शनिवारी. सकाळी गाड्या, दुपारी बिअर."

"छान," फिना म्हणाली. "शनिवारी छान आहे."

तो गेल्यावर तिनं त्याची बशी धुतली, पुसली, आणि पुन्हा धुतली. नाही मिळाला असं सांगायला काय जात होतं? शेडमध्ये खरंच नव्हता. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये लिव्हरवाचून उभी राहिली असती आणि तो शनिवारी येत राहिला असता. निदान काही दिवस. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही ती बाजारात गेली नाही; आठवडाभर तिनं हाच विचार केला. पण साखळीचे दोन भिकार स्क्रू मिळाले तेव्हा तो खिडकीशी कसा उभा राहिला होता, ते तिच्या डोळ्यांपुढून जाईना. त्या शनिवारी त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, अजून एक खण बघायचा राहिलाय. आणि रविवारी सरहद्दीपलीकडे गेली.

"नशीबवान आहात," हार्म म्हणाला. "गेल्याच रविवारी आलाय. तुमच्या बेल्जियमचाच आहे."

लिव्हर मध्ये तुटलेला होता आणि पितळेनं जोडलेला. जोड इतका सफाईदार की डोळ्याला पितळ दिसत होतं, पण बोटाला काही लागत नव्हतं. फिनानं कुरकुर केली, कोरा हवा होता. कोरा या जन्मी मिळायचा नाही, हार्म म्हणाला, आणि असा जोड लावणारा हातही. तिनं फारशी घासाघीस केली नाही. घरी येऊन तेल लावलं, कागद काढला, चारी कोपरे आत, गाठ डावीकडे. पुडी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत तिनं एकटीनं संध्याकाळचं सूप प्यायलं.

शनिवारी इवो ट्रेलर घेऊन आला. ट्रेलरवर लोमान्स होती. टाकी लाल, चाकांचे आरे चकचकीत, नवं शिवलेलं सीट. फिनानं तिचा जवळजवळ प्रत्येक भाग हाताळला होता, पण सगळे एकत्र असे कधी पाहिले नव्हते. ती नुसती बघत राहिली. यातलं निम्मं फॉन्सचं आणि निम्मं माझं, तिच्या मनात आलं, आणि दोघांनी मिळून केलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

"म्हटलं, लिव्हर इथंच लावू," इवो म्हणाला. "मिळाला का?"

तिनं पुडी दिली. त्यानं गाठ सोडली, कागद उलगडला आणि लिव्हर हातात घेतला. त्याचा अंगठा सरळ त्या जोडावर गेला आणि तिथंच थांबला. तो खिडकीशी गेला नाही. उलटसुलट करून पाहिलं नाही.

"कुठं होता?" त्यानं विचारलं.

"खणात. अगदी तळाशी."

"जोड कुणी लावलाय?"

"फॉन्सनं. दुसरं कोण लावणार?"

इवोनं कागदाची घडी घातली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"हात चांगला होता त्याचा," तो शेवटी म्हणाला. "खूपच चांगला."

तो पाना घेऊन गाडीपाशी उकिडवा बसला. फिना पाठीमागे उभी राहिली. पाय ठेवायची खुंटी चौकटीला जिथं जोडलेली होती तिथं तिची नजर गेली. पितळ होतं. तसंच बारीक, तसंच सलग. वर स्टँडच्या पट्टीवर तसंच. हार्मच्या टेबलाशी दोन महिने काढल्यावर हे ओळखायला चष्मा लागत नव्हता. गेल्याच रविवारी आलाय. रिंगांची सोय मी करतो. हार्मचं ते वाक्य आणि इवोचं हे तिनं शेजारी शेजारी ठेवलं. खुराड्यातल्या इंजिनावरचा तुटका लिव्हर त्यानं स्वतः जोडून हार्मला दिला होता आणि बदल्यात रिंगा घेतल्या होत्या, कारण फॉन्सच्या शेडमध्ये कोरा लिव्हर निघणार याची त्याला खात्री होती. आणि तिनं त्याचाच लिव्हर आणून, तेल चोळून, नवऱ्याच्या नावानं त्याच्या हातात ठेवला होता.

फिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणी खडीची होती, तिनं काही केलं नाही.

"इवो," ती म्हणाली. "तो लिव्हर..."

"बसला," तो मान वर न करता म्हणाला. "अगदी नेमका बसला."

त्यानं पाना खिशात घातला, उठला, पेट्रोलचा नळ उघडला आणि किक मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसऱ्या किकला लोमान्स अशी कडाडली की खिल्बेर्तच्या अंगणातली कबुतरं उडाली. निळा धूर कुंपणापर्यंत गेला. इवो पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळायचा, जुने शर्यतवाले मिसळायचे तसं. आणि तो जळक्या एरंडेलाचा गोडसर वास फिनाच्या अंगावर आला. फॉन्सच्या शर्टांना चाळीस वर्षं हाच वास होता. खिडक्या उघड्या टाकून, नाक मुरडून तिनं ते शर्ट धुतले होते. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कुणी विचारलं असतं तर धुरामुळे असं तिनं सांगितलं असतं. इवोनं विचारलं नाही. तो मूठ पिळत होता, इंजिन ऐकत होता, आणि ऐकून झालं तेव्हा त्यानं ते बंद केलं.

अंगण एकदम शांत झालं.

"झाली की गाडी," फिना म्हणाली.

"झाली."

त्यानं गाडी पुन्हा ट्रेलरवर चढवली आणि दोऱ्या आवळल्या. ती आत जाऊन कॉफी ओतू लागली. थोडी बशीत सांडली. इवो बेसिनशी बराच वेळ हात धूत राहिला, नखंन् नख. मग नेहमीच्या खुर्चीवर बसला, टार्टचा तुकडा बशीत घेतला, आणि चमचा हातात धरून थांबला.

"एक राहिलंच," तो म्हणाला.

"काय?"

"रीड व्हॉल्व्ह. लोमान्सचा. चौऱ्याहत्तरचा."

फिनानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. इंजिनात पेट्रोल आणि हवा शिरते त्या वाटेवरची ही पातळ पाकळ्यांची झडप. लोमान्सला ती नसतेच. चौऱ्याहत्तरच्याच नव्हे, कुठल्याच नाही. तिथं पिस्टनच वरखाली होताना ती वाट उघडतो आणि बंद करतो. हे तिला इवोनंच सांगितलं होतं. याच टेबलावर, कप आणि बशी घेऊन, सबंध एक दुपार.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो टार्टकडे बघत होता.

"क्लबवाले वाट बघतील तुमची," ती म्हणाली. "शनिवारी."

"बघू देत. सामान अपुरं असताना गाडी वाळूत कशी न्यायची?"

"तेही खरंच." तिनं त्याची बशी पुसली, कप त्यावर नीट ठेवला. "पण मिळायला वेळ लागेल हं. फार दुर्मीळ असतं ते."

"माहीत आहे मला," इवो म्हणाला आणि खायला लागला.